वाकड्या भिंतीत तयार कपाटं: दिवाळी ते गणपतीचा अनुभव

निकाल आधीच सांगते. दिवाळीच्या आधी बसवलेली कपाटं आता गणपती तोंडावर आले तरी जागच्या जागी आहेत, दारं सरळ मिटतात, आणि घरी येणाऱ्यांपैकी निम्मे तरी "फर्निचर करून घेतलंत का?" असं विचारतात. करून घेतलेलं नाही. दुकानातून खोक्यांत आलेली, घरी जोडून उभी केलेली तयार कपाटं आहेत. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या साच्याची कपाटं आता बरेच जण विकतात आणि आमचा सगळा खटाटोप कपाटापेक्षा भिंतीशीच जास्त होता.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला, १९८०च्या दशकातली, तीन मजली, बिनलिफ्टची. सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं बोलणं कधीचं चालू आहे. कधी जोर धरतं, कधी एका सभासदाच्या सहीवाचून अडतं. पण इमारत पुढेमागे पडणार हे नक्की. अशा घरात भिंतीला खिळवून फर्निचर करायचं म्हणजे बिल्डरच्या राबिटात पैसे टाकायचे. सुतारकाम करणाऱ्यांनी प्लाय, सनमायका, मजुरी धरून चौरस फुटाला सोळाशेचा भाव सांगितला होता. साडेआठ फूट रुंद, आठ फूट उंच भिंतीला गुणून बघा. लाखाच्या वर जातं, आणि घर सोडताना त्यातलं बिजागरीसुद्धा धड हाताला लागत नाही. उलट नुसती लोखंडी कपाटं ओळीने मांडली की वर धूळ, बाजूला फटी आणि त्या फटींत पडलेले रुमाल. म्हणून तिसरा मार्ग घेतला: कपाटं सुटी, दिसायला भिंतीतली, आणि काढायची वेळ आली तर आतून स्क्रू सोडवून घेऊन जाता येतील अशी.

कपाटं बसवायचा कोनाडा असा: डावीकडे आडवी भिंत, उजवीकडे आरसीसी कॉलम, वर बीम, मागे पश्चिमेची बाहेरची भिंत. सांगाडे, म्हणजे कपाटांची बिनदाराची खोकी, घेतले १०० सेंटिमीटरचे दोन आणि ५० चा एक. मिळून अडीच मीटर रुंदी, उंची २३६, खोली ५८.

खरेदीच्या आधी नुसती टेप लावून माप घेऊ नका. टेप एका जागेचं माप देते आणि जुनी भिंत दर फुटाला वेगळं बोलते. आम्ही ओळंबा सोडला. डाव्या भिंतीपासून थोडा दूर, बीमच्या खालून जमिनीपर्यंत, आणि दोऱ्यापासून भिंतीचं अंतर दर फुटाला पट्टीने मोजून भिंतीवरच पेन्सिलीने लिहिलं. कोनाड्याची रुंदी जमिनीशी २,६८५ मिलिमीटर, कमरेच्या उंचीला २,६६०, बीमखाली २,६५०. म्हणजे भिंत वर जाताना आत झुकलेली, तब्बल ३५ मिलिमीटर. सुताराच्या भाषेत अकरा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). त्यात मधलं माप बघा. भिंत एकसारखी झुकली असती तर मध्ये २,६६७ यायला हवे होते, आले ७ ने कमी. म्हणजे मध्ये गिलाव्याला पोट आहे. कॉलम मात्र ओळंब्यात निघाला, वरपासून खालपर्यंत एखाद्या सुताचा फरक. जमीन मोझॅकची, आणि कॉलमपासून डाव्या भिंतीकडे १४ मिलिमीटर उतरती. पूर्वी खोल्या पाण्याने धुवायचे, त्याचा तो ढाळ असावा.

आता अडीच मीटर वजा केल्यावर उरतात खाली १८५ आणि वर १५० मिलिमीटर. इथे बहुतेक जण, आमचे मिस्त्रीही, म्हणतात की दोन्हीकडे निम्मं निम्मं वाटा, किंवा सगळी कपाटं एका भिंतीला चिकटवा आणि दुसऱ्या बाजूला फट झाकायला उभी पट्टी मारा. मला दोन्ही पटलं नाही, आणि एवढे महिने रोज समोर बघितल्यावर आणखीच पटत नाही. वाकडेपणा दिसतो तो पट्टीच्या निमुळतेपणात. समजा पट्टी खाली ४५ मिलिमीटर आणि वर १० अशी बसली, तर डोळा लगेच तिथे जातो, कारण ती वर जाऊन जवळजवळ संपते. तेवढाच ३५ मिलिमीटरचा फरक ११५ आणि ८० मध्ये असेल तर बघणाऱ्याला नुसती रुंद उभी पट्टी दिसते. म्हणून सरळ कॉलमकडे ७० मिलिमीटरची पट्टी ठेवली आणि उरलेली सगळी जागा वाकड्या भिंतीला दिली. वाकड्या बाजूला जास्त रुंदी, हे एवढं एक जरी या लेखातून घेतलंत तरी तुमचे पैसे वसूल.

पट्टी हवीच, याला आणखी एक कारण आहे. कपाट भिंतीला अगदी खेटलं तर टोकाचं दार पूर्ण उघडत नाही. त्याची मूठ भिंतीवर आपटते आणि आतले ड्रॉवर बाहेर येताना दाराला घासतात. चार-पाच सेंटिमीटर तर सोडायलाच लागतात.

मिस्त्रींशी खरा वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. "ताई, भिंत झुकलीय ना, मग कपाटपण जरासं झुकवून लावू. फट एकसारखी दिसेल, कोणाला कळणार नाही." दिसेलही. पण दार गुरुत्वाकर्षणाने लटकतं, भिंतीच्या सोयीने नाही. सांगाडा झुकला की दार आपोआप उघडं पडतं किंवा आपोआप मिटतं, आणि शेजारच्या दोन दारांमधली फट वर बंद, खाली उघडी अशी दिसते. ती फट भिंतीच्या फटीपेक्षा शंभर पट डोळ्यात भरते. तेव्हा नियम ठरला: कपाट ओळंब्यात आणि पाणसळीत, म्हणजे उभं सरळ आणि आडवं सपाट, सगळा वाकडेपणा पट्टीने पोटात घ्यायचा.

पाणसळीसाठी खाली बेस केला. तीन कपाटांना मिळून एकच प्लायची चौकट. प्लाय आयएस ७१० वाला, म्हणजे ओल सोसणारा मरीन प्लाय, घेतला, कारण आमच्याकडे लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. जमिनीचा सर्वांत उंच बिंदू शोधून, म्हणजे कॉलमपाशी, तिथे बेसची उंची १०५ मिलिमीटर धरली आणि डावीकडे खाली पाचरी मारत लेव्हल साधली. लांब स्पिरिट लेव्हल नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली लेव्हल अजूनही सर्वांत भरवशाची. पाणी खोटं बोलत नाही, फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका. १०५ हे मापही उगाच नाही. खोलीचं मोझॅक स्कर्टिंग साधारण तेवढंच उंच आहे. बेसच्या पुढची पट्टी त्याच उंचीला आली की स्कर्टिंगची रेघ कपाटाखालून पुढे गेल्यासारखी दिसते. भिंतीतलं फर्निचर असल्याचा अर्धा भास या एका रेघेचा आहे. शिवाय बाजूच्या उभ्या पट्ट्या स्कर्टिंगच्या वरून सुरू होतात, त्यामुळे स्कर्टिंगच्या जाडीसाठी पट्टीत खाच पाडायची कटकट वाचते.

उभं करण्याआधीचं एक गणित, खास करून फॉल्स सीलिंगवाल्यांसाठी. असा सांगाडा जमिनीवर आडवा जोडून मग उभा करतात. उभा होताना त्याचा कर्ण वळतो. २३६ उंच आणि ५८ खोल सांगाड्याचा कर्ण २४३ सेंटिमीटर. आठ फुटांचं छत म्हणजे २४३.८. आठ मिलिमीटर शिल्लक, आणि तिथे पंखा किंवा दिवा असला तर तेही नाही. आमचा स्लॅब २७९ वर आहे म्हणून निभावलं. कोनाड्यासमोर उभं केलं, उचलून बेसवर ठेवलं आणि बीमखाली सरकवलं. फळ्या सुट्या येत असल्याने अरुंद जिन्यातून चढवणंही जमलं, अखंड कपाट त्या वळणातून आलंच नसतं.

सांगाडे एकमेकांना जोडताना आधी पुढच्या कडा एका रेषेत आणून शिकंजा लावा, मग स्क्रू. मागची पातळ फळी ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. ती फळी एकदा ठोकली की सांगाडा ज्या आकारात असेल त्याच आकारात राहतो.

भिंतीला बांधणं टाळू नका. एवढं उंच कपाट, दारं उघडी, पुढे भरलेले ड्रॉवर ओढलेले, आणि खालच्या फळीवर चढणारं पोर. पडायला आणखी काय लागतं? पण आपल्याकडच्या भिंतीत इथेच घोळ होतो. मागच्या भिंतीपासून आम्ही ४० मिलिमीटर जागा सोडली होती. सोबत आलेली लोखंडी पट्टी तशीच भिंतीला कसली असती तर स्क्रू आवळताना सांगाड्याचं डोकं मागे ओढलं गेलं असतं आणि सगळी पाणसळ बिघडली असती. म्हणून प्रत्येक पट्टीमागे त्या जागेच्या मापाचा लाकडी ठोकळा घातला. माप प्रत्येक जागी वेगळं आलं, ३७ पासून ४४ पर्यंत. ठोकळा हलका बोटाने सरकेल एवढाच घट्ट हवा, ठोकून बसवला तर तो कपाट पुढे ढकलतो. जुना गिलावा जाड आणि भुसभुशीत असतो, त्यात प्लगला पकड नसते. ड्रिलमधून पांढरी-करडी भुकटी येईतो गिलावा, लाल यायला लागली की वीट. लाल आल्यावर पुढे दोन इंच तरी आत जा.

आता पट्टी. दुकानात "तोच पांढरा" सनमायका शोधायला जाऊ नका. पांढरे पन्नास असतात आणि बल्बच्या उजेडात जुळलेला रंग सकाळी खिडकीच्या उजेडात पिवळट निघतो. आम्ही त्याच कंपनीची, त्याच फिनिशची बाजूची जादा फळी विकत घेतली आणि तिच्यातूनच पट्ट्या कापल्या. महाग पडतं, पण रंग तोच आणि कारखान्याची तयार कडाही मिळते. ही तयार कडा कपाटाच्या बाजूला ठेवायची, कापलेली कडा भिंतीकडे.

भिंतीची रेघ पट्टीवर उतरवण्याचं काम मी शेजारी बसून पाहिलं. १२५ मिलिमीटर रुंदीची पट्टी ओळंब्यात धरून भिंतीकडे सरकवली. वर ती भिंतीला टेकली, खाली ३५ ची फट राहिली. वर जागा ८० ची, पट्टी १२५ ची, म्हणजे पट्टी कपाटावर ४५ मिलिमीटर चढलेली. तेवढ्याच, ४५ मिलिमीटरच्या, छोट्या लाकडी ठोकळ्यामागे पेन्सिल धरून मिस्त्रींनी ठोकळा भिंतीला घासत वरपासून खालपर्यंत आणला. पट्टीवर उमटली ती हुबेहूब त्या भिंतीची रेघ: मध्ये पोट, खाली पाय बाहेर, आणि एके ठिकाणी जुन्या पॅचवर्कची छोटी उडीसुद्धा. ठोकळा अरुंद हवा, रुंद असला तर तो खड्ड्यांत शिरत नाही. रेघेवर मास्किंग टेप चिकटवून, खालच्या दिशेने कापणारं बारीक दातांचं पातं जिगसॉला लावून, मिलिमीटरभर बाहेरून कापलं. मग रेघेपर्यंत घासताना पट्टीची मागची बाजू थोडी जास्त, तिरकी घासली. त्यामुळे फक्त पुढची धार भिंतीला टेकते आणि मागच्या उंचवट्यांवर पट्टी अडत नाही. हे काम कोणी घाईने करायला बसला तर त्याला चहा द्या आणि थांबवा. आमचे मिस्त्री या एका पट्टीवर बाकी सगळ्या कपाटांपेक्षा जास्त वेळ रेंगाळले, आणि तेच बरोबर होतं.

पट्टी बसवली कपाटाच्या बाजूला आतून स्क्रू केलेल्या उभ्या लाकडी रिपेवर. पट्टीसाठी भिंतीत एकही खिळा नाही. भिंतीकडे उरलेली दोन-तीन मिलिमीटरची फट ॲक्रिलिक सीलंटने भरली आणि त्यावर भिंतीचाच रंग दिला. सिलिकॉन वापरू नका, त्यावर रंग धरत नाही. पट्टी दाराच्या पृष्ठभागाच्या बरोबरीला आणायची की मागे ठेवायची, यावर घरात दोन पक्ष होते. मी सहा मिलिमीटर मागे ठेवायला लावली. बरोबरीला आणली तर एका सुताचाही फरक उघडा पडतो, मागे ठेवली की तिथे सावलीची बारीक रेघ तयार होते आणि लहानसहान फरक त्या सावलीत जातात. दार आणि पट्टी यांच्यात चार मिलिमीटर सोडले, कारण दार उघडताना त्याची कड थोडी बाजूला सरकते.

वर बीमपर्यंत उरलेल्या नऊ-दहा सेंटिमीटरच्या जागेत पट्टी थोडी मागे घेऊन लावली आणि तिच्यात जाळीचे दोन झरोके ठेवले. बेसच्या पुढच्या पट्टीतही खाली चिरा आहेत. हवा खालून आत शिरते, कपाटामागून वर जाते, वरून बाहेर पडते. बाहेरच्या भिंतीला लागून काहीही सीलबंद करणं हे आपल्या पावसात बुरशीला निमंत्रण आहे. झरोक्यांना आतून मच्छरजाळी लावा. नाहीतर त्या चाळीस मिलिमीटरच्या गल्लीत पाली संसार थाटतील.

आता वापर. थंडीत काहीच झालं नाही. उन्हाळ्यात डाव्या पट्टीच्या वरच्या टोकाला सीलंटमध्ये केसासारखी भेग दिसली. जुलैत ती दिसेनाशी झाली, कारण फळी फुगली. पुन्हा येईल. मी तिला हात लावणार नाही. पावसाळ्यात अरुंद कपाटाचं दार शेजारच्याला घासायला लागलं. बिजागरीवर तीन स्क्रू असतात, एक बाजूला, एक पुढेमागे, एक वरखाली सरकवणारा. बाजूचा अर्धा फेरा फिरवला, काम झालं. हे जमण्यासाठी सांगाडा सरळ असावा लागतो. वाकड्या सांगाड्यात तो स्क्रू आधीच टोकापर्यंत फिरवून संपलेला असतो.

ऑगस्टमध्ये मोबाइलचा टॉर्च वरच्या झरोक्यातून मारून पाहिलं. मागच्या भिंतीवर ताटाएवढा ओलीचा डाग आहे, कपाटाची मागची फळी कोरडी आहे. त्या ४० मिलिमीटरांनी आपलं काम केलं. वास मात्र अरुंद कपाटात येतो, जिथे लग्नातले कोट आणि शालू आहेत. ते दार क्वचितच उघडतं. आता रविवारी पंखा लावून ते दुपारभर उघडं ठेवतो. त्याने बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही.

तक्रारी दोन. एक, ५८ खोलीत रुंद खांद्याचे हँगर आडवे बसतात पण जाड कोट दाराला टेकतात. पूर्ण मापाचं करून घेतलेलं कपाट इथे सरस ठरतं. दुसरी, बीमखालची ती वरची जागा वाया गेली. करून घेतलं असतं तर तिथे गणपतीच्या मखराची खोकी मावली असती, ती अजून पलंगाखाली आहेत.

खर्च: सांगाडे, दारं, ड्रॉवर आणि पट्ट्यांसाठीची जादा फळी मिळून साधारण बासष्ट हजार. बेस, प्लाय, सीलंट, रंग आणि मिस्त्रींची मजुरी पंधराच्या आसपास. तुमच्या भिंती सरळ असतील तर मजुरीचा हा आकडा निम्म्यावर येईल. भिंती आमच्याहून वाकड्या असतील, म्हणजे आठ फुटांत दोन इंचांच्या वर जात असतील, तर आधी गवंडी बोलवा. इतका फरक पट्टीने झाकायला गेलात तर ती पट्टी कपाटाच्या दाराएवढी दिसायला लागते.

दिवाळीनंतर मुलाच्या खोलीत हेच करायचं ठरलंय. बदल एकच. बेसच्या पुढच्या पट्टीची खालची कड, जिथे पोछा रोज लागतो, तिथे सनमायक्याच्या आत फुगून दोन मिलिमीटर वर आली आहे. आतला बेस ठीक आहे, पुढची पट्टी यावेळी पीव्हीसी बोर्डची घेणार.